इथे फक्त गवत

एकतीस वर्षं मी दिवे दिले.
खिडकीतून हात आत यायचा, तळव्यावर पितळी बिल्ला.
बिल्ला खिळ्यावर, दिवा हातात, पुढचा.
जाळीमुळे चेहरे दिसत नसत,
मी माणसं नखांवरून ओळखायचे.

आता रोपं देते.
पेत्रोशानहून ट्रक येतो, मी मोजून घेते:
भूर्ज चारशे, सालकुम दोनशे,
आणि कतिना, काटेरी, नारिंगी फळांची,
जी कुठल्याच मातीला नाक मुरडत नाही.
खिडकी नाही, जाळी नाही.
सही मात्र घेते. सवय.

ढिगाऱ्याला आम्ही हाल्दा म्हणतो.
पोटात तो अजून जळतोय.
हिवाळ्यात कळतं: सगळीकडे बर्फ
आणि मधेच परातीएवढा काळा, ओला तुकडा.
गावातली कुत्री तिथे येऊन झोपतात.
अशा जागी खुंटी ठोकायची, लाल फडकं बांधायचं
आणि पुढे सरकायचं.

पहिल्या वर्षी लावलं ते सगळं मेलं.
माती आंबट आहे म्हणाले.
मी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. खरंच आंबट.
मग चुना आला, आणि येरेमिया धनगराकडून
अठरा गाड्या लेंडीखत.
पैसे घेईना. म्हणाला,
याच ढिगाऱ्याखाली आमचं कुरण आहे,
खत पोचलं तर त्याला सांगा, आठवण काढली होती.

झिऊ नदी पूर्वी शाई होती, आता चहा झालीय.
लोक याला सुधारणा म्हणतात.
मीही म्हणते.

शाफ्टच्या तोंडावर काँक्रीटचं झाकण,
झाकणावर चिकणमाती, तिच्यावर जाड प्लास्टिक,
वर बाहेरून आणलेली चांगली माती.
इंजिनिअर रुक्सांद्रा म्हणाली, इथे फक्त गवत.
खोल मुळांचं काही नको, खालून वायू येईल.
खोल म्हणजे किती?
तिने कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं.
एक हात.
इथूनच सातशे मीटर खाली जायचे,
दिवसाला तीन पाळ्या.

दोनशे बारा नंबरच्या खिळ्यावर बिल्ला राहिला होता.
दिवा परत आला नाही.
आगीनंतर तो भाग भिंत घालून बंद केला,
भिंतीपलीकडचे तिघे कागदावर आले.
पामफिल. अंगठ्याचं नख निळं, हातोडीचं.
एवढंच मला ठाऊक. आणि तो दिवा घेताना
दर वेळी म्हणायचा, परत आणून देतो हं,
जसं काही मी उसना दिलाय.
भंगारवाल्याने खोली रिकामी केली तेव्हा
बिल्ला माझ्या एप्रनच्या खिशात होता.
तो कुठे आहे ते मी सांगणार नाही.

गवताच्या बियाण्यात मी दोन मुठी लसूणघास मिसळली.
येरेमियाने दिली. म्हणाला, हिचं मूळ
विहीर खणल्यासारखं जातं, जपून.

जुलैत जांभळी फुलं आली.
रुक्सांद्रा गुडघ्यांवर बसली, एक ठोंब उपटला.
मूळ आलं, येतच राहिलं,
हातभर सरळ,
मग प्लास्टिकला टेकून काटकोनात वळलेलं,
आडवं, पांढरं, बरंच लांब,
अंधारात भिंत चाचपत गेल्यासारखं.

क्लोव्हर आहे, मी म्हटलं.
क्लोव्हर अशी असते?
इथली असते.

तिने वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.
मूळ पुन्हा मातीत ठेवून बुटाने दाबलं.
तिच्या नखांत माती गेली होती.
आता कुठेही ओळखेन.

सप्टेंबरात मेंढ्या सोडायच्या ठरल्यात,
लाल फडक्यांच्या अलीकडे.
येरेमियाची सही घ्यायची राहिलीय.